दोन दिवस, सहा कोडी : संगणक ऑलिंपियाड आणि आपली मुले

इंटरनॅशनल ऑलिंपियाड इन इन्फर्मेटिक्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाड, ही शालेय विद्यार्थ्यांसाठीची आज्ञावली-लेखनाची जागतिक स्पर्धा होय. प्रत्येक देश जास्तीत जास्त चार मुले पाठवतो. स्पर्धेच्या वर्षी १ जुलै रोजी वय वीसपेक्षा अधिक नसावे आणि पदवी अभ्यासक्रम सुरू झालेला नसावा, या तिच्या मुख्य अटी. चौघे एका देशाचे असले तरी प्रत्येक जण एकटा लढतो आणि पदकही ज्याचे त्यालाच मिळते.

मराठी घरांत या स्पर्धेचे नाव मोठ्या प्रमाणावर पोहोचले ते २०१६ साली. मुंबईच्या मालविका राज जोशी या सतरा वर्षांच्या मुलीला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, अर्थात एमआयटीने, पदवी अभ्यासक्रमाला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. तिच्याजवळ दहावीचे प्रमाणपत्र नव्हते आणि बारावीचेही नव्हते. तिच्याजवळ होती ती या ऑलिंपियाडमधील तीन पदके. वृत्तपत्रांनी तिला 'विलक्षण बुद्धीची मुलगी' म्हणून गौरविले आणि ते योग्यच होते. मात्र त्या गौरवाच्या भरात ही स्पर्धा नेमकी काय तपासते, तिथवर जाण्याची वाट कोणती आणि आपल्या शिक्षणव्यवस्थेत त्या वाटेला काय स्थान आहे, हे प्रश्न मागे पडले. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातल्या जांभूळसारख्या गावातील एखाद्या हुशार मुलाच्या पालकांना उपयोग असेल तर तो याच प्रश्नांच्या उत्तरांचा.

प्रावेत्स ते सूक्रे

पहिली स्पर्धा १९८९ साली बल्गेरियातील प्रावेत्स या गावी झाली. तेरा देशांतून ४६ स्पर्धक आले होते. प्रावेत्सची निवड सहज झालेली नव्हती. पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटींच्या काळात बल्गेरियाचे वैयक्तिक संगणक याच गावात तयार होत आणि गावाचेच नाव त्या संगणकांना दिलेले होते. स्पर्धेची कल्पना बल्गेरियाने युनेस्कोपुढे मांडली होती. पहिली स्पर्धा झाली त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. स्पर्धा मात्र टिकली आणि वाढली. पुढे तिने अथेन्स, कैरो, तैपेई, कझान, तेहरान, बाकू असा प्रवास केला. २०२४ साली ती इजिप्तमधील अलेक्झांड्रियात, तर २०२५ साली बोलिव्हियातील सूक्रे येथे भरली.

भारताने २००२ साली दक्षिण कोरियातील योंगिन येथे पहिल्यांदा भाग घेतला. म्हणजे संगणक अभियंत्यांचा देश अशी आपली ख्याती जगभर पसरत असताना शालेय पातळीवरील या स्पर्धेत आपण तेरा वर्षे उशिरा पोहोचलो. यजमानपदाच्या बाबतीतही तेच. मुंबईने १९९६ मध्ये गणित, २००१ मध्ये रसायनशास्त्र, २००८ मध्ये जीवशास्त्र, २०१५ मध्ये भौतिकशास्त्र आणि २०२५ मध्ये खगोलशास्त्र व खगोलभौतिकी यांची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडे भरविली. संगणकशास्त्र ऑलिंपियाडच्या २०२५ पर्यंतच्या यजमानांच्या यादीत मात्र भारताचे नाव नाही.

स्पर्धेचे स्वरूप

स्पर्धेचे दिवस दोन. प्रत्येक दिवशी पाच तासांत तीन कोडी सोडवायची. प्रत्येक कोड्याला १०० गुण, म्हणजे एकूण ६००. स्पर्धकासमोर एक संगणक असतो, इंटरनेट नसते. कोडे वाचून त्याची रीत शोधायची, ती आज्ञावलीत उतरवायची आणि ती आज्ञावली परीक्षक-संगणकाकडे पाठवायची. परीक्षक-संगणक तिला गुप्त ठेवलेल्या अनेक उदाहरणांवर चालवून पाहतो. उत्तर बरोबर येणे पुरेसे नसते. ते ठरलेल्या वेळात, बहुतेकदा एक-दोन सेकंदांत, यावे लागते. लहान उदाहरणांपुरती चालणारी रीत काही गुण मिळवून देते, मोठ्या उदाहरणांवरही चालणारी रीत पूर्ण गुण देते. पूर्वी पास्कल ही भाषाही चालत असे. आता सर्वत्र सी प्लस प्लसचे राज्य आहे.

स्पर्धेच्या आदल्या रात्री एक वेगळेच काम चालते. प्रश्न इंग्रजीत निघतात आणि प्रत्येक देशाचे मार्गदर्शक रात्रभर बसून ते आपापल्या भाषेत उतरवतात. जपानी मुलगा जपानीत, इराणी मुलगी फारसीत कोडे वाचते. भाषेमुळे कोणाचे कोडे अडू नये, हा त्यामागचा हेतू.

पदकांची वाटणी उदार आहे. साधारणपणे निम्म्या स्पर्धकांना पदक मिळते आणि सुवर्ण, रौप्य व कांस्य यांचे प्रमाण १ : २ : ३ असे ठेवलेले असते. त्यामुळे सुवर्णपदक सुमारे बारा जणांत एकाला मिळते. ही उदारता दिसते तेवढी सोपी नाही, कारण तिथे आलेला प्रत्येक जण आपल्या देशातील पहिल्या चारांपैकी असतो. चीनचा चमू कित्येकदा चारही सुवर्णपदके घेऊन परततो. भारताच्या वाट्याला रौप्य आणि कांस्य पदके अधिक आली. सुवर्णपदके मोजकीच आहेत.

जांभूळच्या नळाचे कोडे

कोडी कशी असतात याची कल्पना येण्यासाठी एक घरचे उदाहरण घेऊ. जांभूळ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. बारवी धरणाचे पाणी तिथे शुद्ध होऊन परिसरातील शहरांना आणि उद्योगांना जाते. समजा, अशा एका केंद्रातून अ, ब, क, ड आणि इ या पाच वस्त्यांना नळाने पाणी न्यायचे आहे. नदी, लोहमार्ग, खासगी जमिनी यांमुळे नळ टाकता येईल असे मार्ग आठच आहेत : ब ते क एक किलोमीटर, केंद्र ते अ दोन, अ ते ब तीन, केंद्र ते ब चार, केंद्र ते क पाच, क ते ड सहा, ड ते इ सात आणि अ ते इ आठ किलोमीटर. सर्व वस्त्यांना पाणी मिळेल असा सर्वांत कमी लांबीचा नळ कोणता?

सर्व शक्यता मांडून पाहणे ही पहिली सुचणारी रीत. वस्त्या पाच असतील तर ती चालते. प्रत्येक ठिकाण दुसऱ्या प्रत्येकाशी थेट जोडता येत असेल, तर सहा ठिकाणे फेरा न होता जोडण्याच्या १,२९६ तऱ्हा होतात आणि संगणक त्या डोळ्याचे पाते लवण्याआधी तपासतो. पण ठिकाणे वीस झाली की याच तऱ्हांची संख्या २६ या आकड्यावर बावीस शून्ये देऊन लिहावी लागते. सेकंदाला शंभर कोटी तऱ्हा तपासणारा संगणक लावला तरी त्याला सुमारे ८३ लाख वर्षे लागतील. स्पर्धेत हाती असतात दोन सेकंद.

आता दुसरी रीत पाहा. सर्वांत छोटा मार्ग घ्या, मग त्याच्यानंतरचा, मग त्याच्यानंतरचा. एवढेच पाहायचे की, आधीच जोडल्या गेलेल्या दोन ठिकाणांना पुन्हा जोडणारा मार्ग सोडून द्यायचा. वरच्या उदाहरणात एक, दोन आणि तीन किलोमीटरचे मार्ग घेतल्यावर केंद्र, अ, ब आणि क एकमेकांशी जोडले जातात. म्हणून चार आणि पाच किलोमीटरचे मार्ग सोडायचे. मग सहा आणि सात घ्यायचे. पाचही वस्त्यांना पाणी मिळाले आणि नळाची लांबी झाली १९ किलोमीटर. याहून कमी लांबीत हे काम होत नाही. वीस ठिकाणांसाठीही या रीतीत फक्त १९० मार्ग लांबीच्या क्रमाने लावून एकदा पाहून जावे लागतात. ८३ लाख वर्षांचे काम क्षणात होते, आणि त्यासाठी वेगवान संगणक विकत आणावा लागत नाही.

ही रीत अमेरिकन गणिती जोसेफ क्रस्कल यांनी १९५६ साली मांडली. त्याच्या तीस वर्षे आधी, १९२६ मध्ये, ओटाकार बोरूव्का या चेक गणितज्ञाने मोराव्हिया प्रांतात विजेच्या तारा कमीत कमी खर्चात कशा टाकाव्यात या प्रश्नावरून याच कोड्याचे उत्तर शोधले होते. तेव्हा आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वातच नव्हता. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण या विषयाचा गाभा यंत्रात नसून विचारात आहे हे त्यातून कळते.

'जवळचे आधी घ्या' या रीतीला संगणकशास्त्रात हावरी पद्धत म्हणतात. ती दरवेळी खरी ठरत नाही आणि स्पर्धकाची खरी परीक्षा तिथेच असते. समजा, नाणी एक, तीन आणि चार रुपयांची आहेत आणि कमीत कमी नाण्यांत सहा रुपये द्यायचे आहेत. हावरेपणाने आधी चारचे नाणे उचलले तर चार, एक, एक अशी तीन नाणी लागतात. तीनची दोन नाणी दिली असती तर काम दोनातच झाले असते. नळाच्या कोड्यात हावरेपणा का चालतो आणि नाण्यांच्या कोड्यात का फसतो, हे जो स्वतःच्या डोक्याने सिद्ध करू शकतो तो या स्पर्धेत टिकतो. भाषा शिकणे त्यामानाने किरकोळ काम आहे. गल्लोगल्ली निघालेल्या 'कोडिंग' वर्गांच्या जाहिरातींत ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

भारतातील पायऱ्या

गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र आणि कनिष्ठ विज्ञान या विषयांच्या ऑलिंपियाडांचे राष्ट्रीय केंद्र आपल्या मुंबईतच आहे : मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा तो भाग आहे. संगणकशास्त्राची ऑलिंपियाड मात्र या छत्राखाली येत नाही. तिचे काम इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कॉम्प्युटिंग सायन्स ही संगणक-संशोधकांची संघटना पाहते आणि त्यात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापकांचा मोठा वाटा राहिला आहे. आपले अध्यापन आणि संशोधन सांभाळून ही मंडळी प्रश्न काढतात, शिबिरे घेतात आणि मुलांना घेऊन परदेशी जातात.

अनेक वर्षे निवडीची रचना पुढीलप्रमाणे राहिली. पहिल्या टप्प्यात दोन परीक्षा. एक, झोनल इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाड. ती कागद-पेन्सिलीवर होते आणि तीत आज्ञावली लिहावी लागत नाही. दुसरी, झोनल कॉम्प्युटिंग ऑलिंपियाड. ती संगणकावर, इंटरनेटद्वारे होते. दोन्हींपैकी एकीत पात्र ठरले तरी पुढच्या फेरीचे, म्हणजे इंडियन नॅशनल ऑलिंपियाड इन इन्फर्मेटिक्सचे, दार उघडते. त्यातून निवडलेली सुमारे पंचवीस-तीस मुले निवासी प्रशिक्षण शिबिराला जातात आणि शिबिरातील चाचण्यांतून अखेरचे चार निघतात. संगणकावरची परीक्षा अनेक वर्षे कोडशेफ या संकेतस्थळावर झाली. हे संकेतस्थळ २००९ साली सुरू केले ते मुंबईतील तुराखिया बंधूंच्या डायरेक्टी या कंपनीने.

कागद-पेन्सिलीच्या परीक्षेमागची दृष्टी दाद देण्याजोगी आहे. ज्याच्या घरी संगणक नाही, ज्याच्या शाळेतील संगणककक्षाला कुलूप असते, त्याचीही विचारशक्ती जोखता यावी म्हणून ती आखली गेली. नळाचे वरील कोडे अशा परीक्षेत सहज शोभेल. ते सोडवायला वहीचे एक पान पुरते. म्हणजे जांभूळच्या मुलाला पहिल्या टप्प्यावर यंत्राची अडचण नाही. त्याची अडचण दोन ठिकाणी आहे. एक तर अशी परीक्षा असते हेच त्याला कोणी सांगत नाही. दुसरे म्हणजे उपलब्ध जुन्या प्रश्नपत्रिका आणि अभ्याससाहित्य इंग्रजीत आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी दीर्घकाळ मराठीतूनही होत आली आहे. तिचे नाव ठाणे जिल्ह्यातील पालकांना पाठ असते ते त्यामुळेच. जागतिक अंतिम फेरीत फारसी आणि जपानीत मिळणारे कोडे मराठी मुलाला पहिल्या फेरीतही मराठीत मिळू नये, ही विसंगती दूर करणे मुळीच अशक्य नाही. वर्षाला आठ-दहा प्रश्नांच्या अनुवादाचा तो प्रश्न आहे.

शाळेतला अभ्यासक्रम या वाटेवर फारशी सोबत करत नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या विज्ञान शाखेत 'कॉम्प्युटर सायन्स' हा द्विलक्ष्यी विषय अनेक वर्षे गुणांची हमी देणारा म्हणून लोकप्रिय राहिला. त्याच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत सी प्लस प्लस आणि डेटा स्ट्रक्चर्स होते, ही जमेची बाजू. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत मात्र इंटेलने १९७६ साली आणलेल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या आज्ञा मुले एकविसाव्या शतकातही पाठ करीत राहिली. आज्ञावल्याही बहुधा पाठ करूनच लिहिल्या जात. न पाहिलेले कोडे समोर ठेवून 'सोडव' म्हणणारी परीक्षा आणि पाहिलेले उत्तर पुन्हा लिहून दाखवायला लावणारी परीक्षा यांतले अंतर बदलापूर ते सूक्रे या अंतराहून कमी नाही.

मालविकाची वाट

मालविका दादरच्या पारशी युथ असेंब्ली शाळेत शिकत होती आणि अभ्यासात चांगली होती. सातवीत असताना तिच्या आईने तिला शाळेतून काढले. शाळेशी भांडण किंवा अपयश हे त्यामागचे कारण नव्हते. मुलीने आनंदाने शिकावे एवढाच आग्रह होता. कर्करोगग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेत आई नोकरी करीत असे. आठवी-नववीतली आजारी मुले तिथे जवळून पाहिल्यावर त्या या निर्णयाप्रत आल्या, असे त्यांनी नंतर वृत्तसंस्थेला सांगितले. नोकरी सोडून त्यांनी घरीच अभ्यासक्रम आखला. वडील अभियंते आणि व्यावसायिक. त्यांना हा निर्णय सुरुवातीला पटला नव्हता.

घरच्या शाळेत मालविकेने अनेक विषय हाताळून पाहिले. त्यात आज्ञावली-लेखनात तिचे मन रमले आणि ती बाकीचे विषय मागे ठेवून त्यालाच अधिक वेळ देऊ लागली. शाळेचा दिवस सहा-सात तासांचा, त्यावर शिकवणी आणि प्रवास. हा सारा वेळ तिच्या हाती आला. पुढे सलग तीन वर्षे ती भारताच्या चौघांच्या चमूत होती. दोन रौप्य आणि एक कांस्य अशी पदके तिने मिळवली. शाळेच्या पटावर नाव नसलेल्या मुलीला देशाच्या चमूत जागा मिळाली याचे श्रेय ऑलिंपियाडच्या नियमांनाही द्यावे लागेल.

भारतीय प्रौद्योगिकी संस्थांमध्ये, म्हणजे आयआयटीत, तिला जाता आले नाही. प्रवेशपरीक्षेला बसण्यासाठी बारावी लागते आणि ती तिच्याकडे नव्हती. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिची तयारी पदवीच्या पातळीची आहे हे ओळखून तिला थेट एमएस्सीच्या पातळीवरील अभ्यासासाठी जागा दिली. तिच्या ऑलिंपियाड-तयारीत साह्य करणारे, त्या वेळचे राष्ट्रीय समन्वयक प्रा. माधवन मुकुंद त्याच संस्थेतले. आणि मग एमआयटीचे बोलावणे आले.

या घटनेचे दोन टोकाचे अर्थ तेव्हा लावले गेले. एका बाजूने 'शाळाच नको' असा उत्साह उसळला, दुसऱ्या बाजूने 'हे श्रीमंतांचे चोचले' असा शेरा आला. दोन्हींत घाई होती. ज्या घरात एक पालक नोकरी सोडू शकतो आणि इंग्रजी पुस्तके, संगणक व इंटरनेट हाताशी असतात, तिथेच हा प्रयोग जमतो, हे खरे. पण मोकळा वेळ आणि मनाजोगता विषय मिळाल्यावर मूल किती खोल जाऊ शकते हेही त्याच प्रयोगाने दाखवले. शाळेत राहूनही मुलाला असा वेळ कसा मिळेल, हा त्यातून निघणारा प्रश्न आहे आणि तो विचारायला श्रीमंती लागत नाही.

प्रवेशाचे कुलूप

या स्पर्धेत पणाला काय लागते, हे देशागणिक बदलते. रशियात अखिल रशियन ऑलिंपियाडच्या विजेत्यांना विद्यापीठात प्रवेशपरीक्षेविना जाता येते. चीनमध्ये राष्ट्रीय प्रशिक्षण चमूत निवड झालेल्यांना देशातील अतिकठीण प्रवेशपरीक्षेतून सूट मिळते. म्हणूनच तिथे या स्पर्धेची तयारी लहानपणापासून आणि अटीतटीने होते. आपल्याकडे अकरावी-बारावीची दोन वर्षे आयआयटीच्या संयुक्त प्रवेशपरीक्षेची. त्या वर्षांत ऑलिंपियाडसाठी तास खर्च करणे म्हणजे प्रवेशाचा जुगार खेळणे, असा हिशेब कोटा असो की कल्याण, कोणत्याही शिकवणी वर्गात मांडला जातो. हुशार मुले या स्पर्धेपासून दूर राहिली ती त्या हिशेबामुळे, बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे.

कुलूप थोडे सैल होऊ लागले आहे. हैदराबादच्या आयआयआयटीने ऑलिंपियाडच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी वाट ठेवली. कानपूरच्या आयआयटीने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून संयुक्त प्रवेशपरीक्षेच्या गुणांऐवजी ऑलिंपियाडमधील कामगिरीच्या आधारे काही जागा भरण्यास प्रारंभ केला आणि संगणकशास्त्र हा त्यातला एक विभाग आहे. मद्रासच्या आयआयटीनेही अशी योजना जाहीर केली. बारावीची अट मात्र कानपूरच्या वाटेवरही आहे. म्हणजे २०१६ ची मालविका आज त्या दारात उभी राहिली तरी तीन पदके घेऊन तिला परत फिरावे लागेल. शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावी-बारावी देता येते, तसेच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्यायही आहे. प्रमाणपत्राचा मोह नसला तरी ते कपाटात असू द्यावे.

प्रतिभा आणि सराव

पंधराव्या-सोळाव्या वर्षी भावार्थदीपिका सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांना माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला कुमारवयीन प्रतिभेचे अप्रूप नवे नाही. संगणकाच्या जगात असे नाव आहे बेलारूसमधील गोमेलचा गेन्नादी कोरोत्केविच याचे. २००६ साली मेक्सिकोतील मेरिदा येथे त्याने रौप्यपदक मिळवले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. २००७ ते २०१२ या सहा वर्षांत त्याने सलग सहा सुवर्णपदके घेतली. त्याचे आई-वडील दोघेही गोमेलच्या विद्यापीठात संगणकविषयक अध्यापन करणारे होते, हे इथे नोंदवायला हवे. प्रतिभा उपजत असेल. तिला कोडी पुरवणारे, चुका दाखवणारे कोणी तरी जवळ असावे लागते.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे. या स्पर्धेत मुलींचे प्रमाण सुरुवातीपासून अल्प राहिले आहे. त्यावर उपाय म्हणून २०२१ साली स्वित्झर्लंडच्या पुढाकाराने युरोपीय मुलींची संगणकशास्त्र ऑलिंपियाड सुरू झाली. मालविकेची तीन पदके त्याआधीची आहेत.

आता एक नवा स्पर्धक मैदानात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीने जाहीर केले की, तिच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीने त्या वर्षीच्या ऑलिंपियाडमधील कोडी मुलांइतक्याच वेळात, इंटरनेटविना सोडवून सुवर्णपदकाच्या पातळीचे गुण मिळवले आणि माणसांच्या क्रमवारीत ती सहावी आली असती. यावरून 'आता मुलांनी हे शिकायचे तरी कशाला' असा प्रश्न पालक विचारू लागले आहेत. बुद्धिबळाच्या संगणकाने १९९७ साली कास्पारोव्हला हरवले, त्यानंतरच विदित गुजराथी आणि दिव्या देशमुख यांची पिढी जन्मली वा वाढली. यंत्र जिंकते म्हणून मुलांनी पट उचलून ठेवला नाही. मात्र घरून दिल्या जाणाऱ्या इंटरनेट-परीक्षांची विश्वासार्हता यापुढे अवघड होणार. अशा वेळी केंद्रावर बसून कागद-पेन्सिलीने देण्याच्या जुन्या परीक्षेचे मोल वाढेल, अशी चिन्हे आहेत.

सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी

भारतीय निवड-परीक्षांना बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना बसता येते. आठवी-नववीत सुरुवात केलेली बरी, म्हणजे दहावीची धामधूम आणि बारावीचा ताण यांच्या आधी दोन-तीन संधी मिळतात. आधी कागदावरची परीक्षा द्यावी. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोजक संघटनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. मोजणी, क्रमवारी, आलेख आणि थोडे संख्याशास्त्र एवढ्या गणितावर प्रारंभ होतो. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानसारख्या संस्थांतील गणित ऑलिंपियाडचे वर्ग त्यालाही पूरक ठरतात.

आज्ञावली-लेखनासाठी फिनलंडचे अंत्ती लाक्सोनेन यांचे स्पर्धात्मक आज्ञावली-लेखनावरील पुस्तक आणि त्यासोबतचा प्रश्नसंग्रह इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. रशियात सुरू झालेल्या कोडफोर्सेस या संकेतस्थळावर वारंवार सराव-स्पर्धा भरतात. भारतीय वेळेनुसार त्या बऱ्याचदा रात्री आठच्या सुमारास सुरू होतात आणि दहा-साडेदहापर्यंत चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा असलेल्या मुलांच्या घरी यावरून होणारे वाद पालकांनी आधीच मिटवून ठेवावेत. मोबाइलवर कोडी वाचता येतात, उत्तर लिहिण्यासाठी मात्र कळफलक असलेला संगणक लागतो. तो घरी नसेल तर शाळेच्या संगणककक्षात आठवड्याचे दोन-तीन तास मिळावेत, असा अर्ज मुख्याध्यापकांकडे करण्यास हरकत नसावी. शिकवणी वर्गाची गरज पहिली दोन वर्षे तरी नाही.